सोनार किल्ल्यात मुक्काम नको : राजस्थान सहली नेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र आणि गोव्यातून राजस्थानच्या सहली नेणारे सर्व आयोजक, टूर मॅनेजर आणि आपापले गट जमवून निघणारी मंडळी यांस,

स. न. वि. वि.

दिवाळी ते जानेवारीच्या सहलींच्या पत्रिका आता छपाईला जातील. त्यांतल्या एका ओळीपुरतं हे पत्र आहे. 'जैसलमेर : किल्ल्यातल्या हेरिटेज हवेलीत दोन रात्री मुक्काम' ही ती ओळ. (सोनार किल्ला म्हणजे हाच, जैसलमेरचा सोनेरी दगडाचा किल्ला.) ती काढा, मुक्काम किल्ल्याखालच्या गावात ठेवा आणि किल्ला सकाळी पायी हिंडून दाखवा, एवढंच मागणं आहे. आम्ही जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीतली माणसं. त्यामुळे मागण्याला कारण जोडतो, आणि कारणाला हिशेब.

मराठी प्रवाशाची एक अडचण आधी सांगायला हवी. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सह्याद्री येतो. गडावर निघताना पहिला प्रश्न असतो, "वर पाणी आहे का?" काळ्या कातळात खोदलेली टाकी, उन्हाळ्यापर्यंत टिकणारं पाणी, टाक्यातून निघालेला दगड तटाला, ही आपली रीत. आधी पाणी बघायचं आणि मग गड घालायचा. म्हणून गडावर पाणी मुबलक दिसलं की आपल्याला बरंच वाटतं. जैसलमेरला हे गणित उलटं आहे. अंगावर पडलेलं पाणी शक्य तितक्या लवकर खाली टाकून द्यायचं, अशा बेतानेच तो किल्ला बांधलाय. त्याच्या पोटात पाणी राहिलं की तो आतून सुटायला लागतो.

रावळ जैसलने ११५६ साली लोद्रव्याची राजधानी सोडली आणि त्रिकूट टेकडीवर हा किल्ला घातला. टेकडी भोवतालच्या सपाटीपासून ७५ मीटरच्या आसपास उंच. इथल्या जुरासिक काळातल्या खडकांचे भूशास्त्रज्ञांनी जे थर पाडलेत, त्यांतल्या एकाचं नावच 'फोर्ट मेंबर' आहे. लांबून पाहिलं तर वाटतं, एकाच पिवळ्या दगडातून डोंगर आणि तट दोन्ही कोरून काढलेत. प्रत्यक्षात टेकडी एकसंध नाही. वालुकाश्म आणि चुनखडीचे कठीण थर, आणि त्यांच्या अधेमधे शाडूसारख्या मऊ, मातकट दगडाचे पट्टे, अशी ती रचलेली आहे. (गाइड ज्या पिवळ्या दगडाला सरसकट 'सँडस्टोन' म्हणतात त्यातला पुष्कळसा चुनखडीचा असतो. गाइडशी वाद घालू नका, पण माहीत असू द्या.) मऊ पट्टा कोरडा असेपर्यंत भार गुमान झेलतो. ओला झाला की फुगतो, बुळबुळीत होतो, आणि वरचा कठीण थर त्याच्यावरून घसरायला बघतो. ओल्या साबणाच्या वडीवर पाट ठेवून त्यावर बसावं, तसं.

बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं, हे बांधणीतच दिसतं. सगळ्यात खालची दगडी भिंत आहे ती लढाईच्या फारशी कामाची नाही. टेकडीच्या उतारावरचा सुटा दगड-मुरूम धरून ठेवणं हे तिचं काम. तिच्यावर तटाच्या दोन रांगा आणि त्यांच्या मधून पहारेकऱ्यांना फिरायची वाट. या वाटेला तिथे 'मोरी' म्हणतात. आपली न्हाणीघरातली मोरी वेगळी, पण हल्ली या मोरीचीही गत तशीच झालीय म्हणा. बुरूज ९९. त्यांतले ९२ आज दिसतात त्या रूपात १६३३ ते १६४७ या चौदा वर्षांत उभे राहिले. बुरूज म्हणजे घडीव दगडांचं कवच आणि आत दगडमातीचा भराव. कवचाचे दगड खाचा पाडून एकमेकांत बसवलेले, चुन्याशिवाय, कोरडे. या कोरड्या सांध्यांचा मोठा फायदा म्हणजे पावसाचं जे थोडं पाणी भरावात मुरतं ते सांध्यासांध्यातून झिरपून बाहेर पडतं आणि उन्हात वाळून जातं. घरांची छतंही त्याच विचाराची. लाकडी तुळया, त्यावर काटक्या आणि गवताची चटई, वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारं आणि अधूनमधून लिंपून घेतलं की पुढच्या पावसापर्यंत टिकणारं छत. गल्ल्यांमधून दगडाने झाकलेल्या नाल्या काढलेल्या होत्या, 'घूट नाली' त्यांचं नाव. पाऊस पडला की पाणी त्यांतून थेट तटाबाहेर.

पाऊस तरी किती? वर्षाला सरासरी दोनशे मिलिमीटरच्या आसपास, काही वर्षी त्याहूनही कमी. महाबळेश्वरला एखाद्या जोरदार दिवसात एवढा पडून जातो. किल्ल्यात विहिरी होत्या, पण शहराची मुख्य भिस्त गडीसर तलावावर. तिथून पाणी डोक्यावर वाहून आणायचं. हंड्यात दहा-पंधरा लिटर मावतं. घरात दिवसाला पाच हंडे आले तरी पाऊणशे लिटर, आणि तेवढ्यात सगळं कुटुंब. भांडी राखेने-रेतीने कोरडी घासायची, आंघोळीचं पाणी झाडाला किंवा गुरांना, संडास कोरडे. जमिनीत मुरायला पाणी उरायचंच नाही. आठशे वर्षं किल्ला या काटकसरीवर उभा राहिला.

१९६० च्या दशकात नळ आले आणि पुढे इंदिरा गांधी कालव्याचं पाणी. त्यापाठोपाठ पर्यटन वाढलं, घरांची गेस्ट हाउसं झाली, प्रत्येक खोलीला जोडून न्हाणीघर आणि फ्लशचा संडास आला. गटाराच्या वाहिन्या टाकल्या गेल्या, पण त्या त्याच हलत्या टेकडीत. मऊ थर ओला झाला की फुगतो, वाळला की आकसतो. त्यात पुरलेला पाइप तेवढा लवचीक नसतो. तो सांध्याला निसटतो, सांध्यातून पाणी गळतं, गळलेल्या पाण्याने थर आणखी फुगतो, पुढचा सांधा निसटतो. वर फरसबंदी असल्यामुळे यातलं काही दिसत नाही. दिसतं तेव्हा थेट भिंतीला तडा गेलेला असतो.

आता हिशेब. हॉटेलच्या दर खाटेमागे रोज १८० लिटर पाणी लागतं असं आपल्याकडच्या मानकांत धरलेलं आहे. पंचतारांकित असेल तर ३२०. कमी वापरणारे असतात तसे जास्त वापरणारेही असतात. थंडीच्या दिवसांत गरम पाण्याच्या फवाऱ्याखाली दहा मिनिटं उभं राहिलं की ऐंशी-शंभर लिटर एकट्या आंघोळीत जातात. १८० च धरू. चाळीस माणसांची बस, दोन रात्री : १४,४०० लिटर. जैसलमेरात एक चौरस मीटरवर अख्ख्या वर्षाचा पाऊस पडतो तो २०० लिटर. म्हणजे तुमच्या एका बसने दोन दिवसांत वापरलेलं पाणी ७२ चौरस मीटर जागेवरच्या पूर्ण वर्षाच्या पावसाइतकं झालं. ७२ चौरस मीटर म्हणजे पावणेआठशे चौरस फूट, आपला टू-बीएचके. यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन गटारात जातं. त्याचा गळणारा हिस्सा जातो टेकडीच्या पोटात. पाऊस निदान वरून वाहून जातो, वर्षातले थोडेच दिवस पडतो आणि मध्ये वाळायला अवधी देतो. हे पाणी खालून, रोज आणि ऐन हंगामात चार महिने सलग मुरतं. शिवाय हा हिशेब एका बसचा झाला.

नेमकं बिघडतं काय, हे तीन ठिकाणी बघायला मिळतं.

बुरुजाच्या भरावात पाणी साठलं की भराव जड होतो आणि बाहेरच्या कवचाला रेटा द्यायला लागतो. कवचाला पोट येतं. भिंतीच्या एका टोकाला उभं राहून तिच्या रेषेत नजर टाकली की ते पोट साध्या डोळ्यांनीही कळतं. पोट आलेली भिंत मागे ढकलता येत नाही. दगडांवर क्रमांक टाकून ती उतरवावी लागते, ओला भराव काढून पाणी निघून जाईल असा खडीचा थर घालून नवा भरावा लागतो, पाणी बाहेर पडायला भोकं ठेवावी लागतात आणि त्याच क्रमाने दगड परत रचावे लागतात. एका बुरुजाला महिनोन्महिने जातात, आणि गळती चालूच असेल तर केलेलं सगळं फुकट.

दुसरं भिंतीच्या पायथ्याशी. जमिनीतलं पाणी दगडातून वर चढतं, सोबत क्षार आणतं. पाणी उडून जातं आणि क्षार दगडाच्या कातडीखाली फुगतो. मग दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. याला आपण लोणा लागणं म्हणतो. जुन्या वाड्यांच्या जोत्याला सगळ्यांनी पाहिलेला असतो. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा करणं हा हमखास केला जाणारा आणि हमखास अंगाशी येणारा उपाय. सिमेंट पाणी बाहेर सोडत नाही, म्हणून ओल गिलाव्याच्या वरच्या कडेपर्यंत चढते आणि तिथला दगड खायला लागते. कोरड्या सांध्यांमध्ये सिमेंट भरणं त्याहून वाईट, कारण पाण्याची बाहेर पडायची एकमेव वाट त्याने बंद होते. खालून बघणाऱ्याला मात्र भिंत 'दुरुस्त' दिसते.

तिसरं छतावर. मातीच्या छतावर हजार लिटरची काळी टाकी ठेवली की टनभर वजन एका जागी आलं. टाकी भरून वाहिली किंवा तिचा नळ गळला की खालची माती भिजते, तुळयांची भिंतीतली टोकं कुजतात. वर आणखी रूफटॉप रेस्टॉरंटच्या फरशा, भिंती, माणसं. मूळ तुळया एवढ्यासाठी घातलेल्याच नव्हत्या.

ही नुसती भीती नाही. १९९० च्या दशकात राणीच्या महालाचा काही भाग पावसात पडला, बुरूज ढासळले आणि जगभरच्या जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने किल्ला धोक्यातल्या स्मारकांच्या यादीत घातला. महालाची दुरुस्ती पुढे झाली. त्यासाठी वारसा जपणारी आपल्याकडची संस्था 'इन्टॅक' आणि ब्रिटनमधल्या 'जैसलमेर इन जेपर्डी' या संस्थेनेही हात लावला. २०१३ साली चित्तोडगड, कुंभलगड, रणथंभोर, गागरोन आणि आमेर यांच्यासोबत जैसलमेर जागतिक वारसा यादीत गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये जोरदार पाऊस झाला आणि तटाचा एक भाग सुटून दगड खालच्या रस्त्यावर आले. पावसाने पाडला असं म्हणायची पद्धत आहे. ज्या भिंतीचा भराव वर्षभर ओलाच असतो तिला पावसाची शेवटची सर पुरते, इतकंच.

तुमच्या प्रवाशांना हे डोळ्यांनी दाखवता येतं, आणि ते अवश्य दाखवा. डिसेंबर-जानेवारीत तटाच्या बाहेरून, रिंगरोडने, एखाद्या संध्याकाळी चाला. पाऊस जाऊन तीन-चार महिने झालेले असतात, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. अशा दिवसांत एखाद्या बुरुजाच्या पोटावर गडद ओला पट्टा, त्याखाली हिरवट-काळी शेवाळी आणि कडेने पांढरा क्षार दिसला, की ते पावसाचं पाणी नव्हेच. ते वरच्या कुठल्यातरी न्हाणीघराचं. तटातून पिंपळाचं रोप डोकावत असेल तर तिथेही आत बारमाही पाणी आहे असं समजा. वाळवंटात भिंतीत पिंपळ उगाच उगवत नाही.

आता तुमची बाजू. "प्रवाशांनाच किल्ल्यात राहायचं असतं," असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, पण त्यांना आत राहणं म्हणजे काय हे पत्रिकेतून कळत नाही. बस वर जात नाही. चाळीस जणांच्या बॅगा खाली उतरवून रिक्षांनी चढवाव्या लागतात आणि शेवटच्या गल्लीत हाताने न्याव्या लागतात. हवेलीचे जिने अंधारे, पायऱ्या उंच, लिफ्ट नाही. आपल्या सहलींमध्ये गुडघेवाली मंडळी निम्मी असतात. दुसऱ्या दिवशी त्यांचं काय होतं ते टूर मॅनेजरला विचारा. आणि किल्ल्यात राहिलं की किल्ला दिसत नाही, समोरच्याची गच्ची दिसते. सूर्य मावळताना अख्खा तट पिवळ्याचा तांबूस होतो, तो बघायचा तर खाली, गावातल्या एखाद्या गच्चीवरच असायला हवं.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि तो टाळून चालणार नाही. किल्ल्यात आजही काही हजार माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. गेस्ट हाउस हे त्यांतल्या अनेकांच्या पोटापाण्याचं साधन आहे. भिंती वाचवायच्या म्हणून माणसांना बाहेर काढा, असं आमचं अजिबात म्हणणं नाही. रिकामा केलेला किल्ला लवकर पडतो. छत लिंपायला, नाली साफ करायला, गळतीवर ओरडायला तिथे कुणीतरी राहायला हवं. मुद्दा फक्त पाण्याचा आहे. त्यांच्या घरचं पाणी एक, आणि त्याच घरात पाहुण्यांसाठी काढलेल्या आठ न्हाणीघरांचं वेगळं. तेव्हा पैसा वर खर्च करा, पाणी खाली. किल्ल्यातलाच परवानाधारक गाइड घ्या, दोन गटांना दोन. चहा वर प्या. कशिदा, चांदी, चामड्याची पुस्तकं, जे घ्यायचं ते वरच्या दुकानांतून घ्या. दहा-बारा जणांचा गट असेल तर दुपारचं जेवणही वर करायला हरकत नाही. केर-सांगरी, गट्टे आणि बाजरीच्या भाकरीला एका माणसामागे जेवढं पाणी लागतं ते आंघोळीच्या मानाने किरकोळ. चाळीस जणांची पंगत मात्र खालीच. थोडक्यात वर जेवा, पण आंघोळ खाली.

सकाळ कशी बसवायची ते सांगतो. खालच्या हॉटेलात नाश्ता आटपून साडेसात-पावणेआठला किल्ल्याच्या पायथ्याच्या गोपा चौकात या. बाटल्या भरून घ्या, वर विकत घ्यायला लागू नयेत. रिकामी बाटली आणि गुटख्याचं पाकीट घूट नालीच्या जाळीत अडकलं की नाली तुंबते आणि पाणी जोत्यात शिरतं, म्हणून प्रत्येकाचा कचरा प्रत्येकाच्या पिशवीत. चाळीस जणांचे दोन गट करा, अर्ध्या तासाच्या अंतराने सोडा. अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ आणि हवा पोळ असे चार दरवाजे ओलांडून चढ जातो. चढ मोठा नाही, पण फरशी शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली आहे. चपला, गुळगुळीत तळाचे बूट नकोत. रबरी तळाचे बूट सांगा. ज्यांना चढणं जमत नाही त्यांच्यापुरत्या रिक्षा करा, सगळ्यांसाठी नको. दरवाज्यांच्या वळणांवर समोरून रिक्षा, गाय आणि दुसऱ्या सहलीचा गट एकाच वेळी येतात; डाव्या हाताने, भिंतीला धरून.

हवा पोळीतून आत गेलं की दसरा चौक. समोर राजवाडा, त्याचं आता संग्रहालय झालंय. पहिला गट राजवाड्यात, दुसरा थेट जैन मंदिरांकडे, आणि मग उलट. राजवाड्याला सव्वा तास द्या. पायऱ्या अरुंद आहेत, वर जायचा आणि उतरायचा रस्ता वेगळा आहे, मध्येच माघारी फिरता येत नाही, हे आधी सांगून ठेवा. जैन मंदिरं सात, बाराव्या ते सोळाव्या शतकांतली, एकमेकांना आतून जोडलेली. पर्यटकांना सकाळच्या ठरावीक वेळेतच सोडतात, ती वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. चामड्याचे पट्टे, पाकिटं आणि खाण्याचे पदार्थ आत चालत नाहीत. बसमध्येच ठेवायला लावलं तर दारात अर्धा तास जात नाही. संभवनाथ मंदिराच्या तळघरातला ज्ञानभांडार चुकवू नका. ताडपत्रावरच्या हस्तलिखितांसाठी तो साऱ्या देशात नावाजलेला आहे, आणि अशा पोथ्या टिकल्या त्या इथल्या कोरड्या हवेमुळे. तळघरात ओल चढणं म्हणजे काय, हे तिथे उभं राहून वेगळं सांगावं लागत नाही.

तोफ ठेवलेल्या बुरुजांवर गावाचा देखावा छान दिसतो, म्हणून सगळे एकदम कठड्याशी जातात. तसं होऊ देऊ नका. पोट आलेल्या बुरुजाच्या कडेला पंधरा माणसं टेकून फोटो काढतायत, हे दृश्य आम्हाला बघवत नाही. पाच-सहा जण जाऊ द्या, कठड्यावर बसणं बंद. साडेअकराच्या सुमाराला खाली. दुपारी पटवांच्या हवेल्या आणि नथमलची हवेली, उन्हं कलताना गडीसर, आणि तिथून परतताना तटाबाहेरची ती ओल्या पट्ट्यांची फेरी. वाळूच्या टेकड्यांसाठी दुसरी संध्याकाळ ठेवा. त्या टेकड्यांचं गाव, सम, चाळीस किलोमीटरवर आहे, तिथे तंबूत रात्र काढायची असेल तर काढा.

बाकीच्या किल्ल्यांविषयी थोडक्यात, कारण तिथले प्रश्न वेगळे आहेत. चित्तोडगड हा पाणी साठवणारा किल्ला. वर एकेकाळी ८४ जलसाठे होते असं सांगतात, आज बावीसेक उरलेत. तिथे गोमुख कुंडाशी प्रवाशांना उभं करून जैसलमेरशी तुलना करून दाखवा : एकाच प्रदेशातले दोन राजपूत किल्ले, एकाचा जीव पाण्यात आणि दुसऱ्याचा जीव पाण्याने जातो. चित्तोडला तासाभराचा थांबा ठेवणाऱ्या पत्रिका दिसतात. माथ्याचा पसाराच इतका आहे की अर्धा दिवस दिल्याशिवाय विजयस्तंभापलीकडे काही दिसत नाही. कुंभलगडाला चढ खडा आहे, सकाळीच घ्या. आमेरला हत्तीवरून चढण्याचा आग्रह धरू नका. चालत वीस मिनिटं लागतात.

आणि ज्यांची बस बिकानेरहून थेट जोधपूरला जाते त्यांनी नागौरला दोन तास थांबावं. १७५५ साली नागौरच्या वेढ्यात जयाप्पा शिंद्यांना दग्याने मारलं, ते हे गाव. मराठी सहलीला हे सांगायला नको? तिथला अहिछत्रगड किल्ला मेहरानगढ म्युझियम ट्रस्टने दुरुस्त केलाय आणि त्याला २००२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. जुन्या महालातलं पाणी कसं खेळवायचं आणि कसं बाहेर काढायचं, हे बघायला त्याच्याइतकी चांगली जागा त्या रस्त्यावर दुसरी नाही.

पत्रिकेसाठी मजकूर हवा असेल तर हा घ्या, आमचं नाव घालायची गरज नाही : 'जैसलमेर, दोन रात्री. मुक्काम किल्ल्यासमोरच्या हॉटेलात, गच्चीवरून किल्ल्याचा देखावा. सकाळी स्थानिक गाइडसोबत किल्ला पायी. किल्ल्याच्या टेकडीत सांडपाणी मुरून तट ढासळत असल्यामुळे आमच्या सहली किल्ल्यात मुक्काम करत नाहीत.' शेवटचं वाक्य कापू नका. पत्रिकेत ते वाचून फोन करणारे प्रवासी असतातच. त्यांना वरचा टू-बीएचकेचा हिशेब सांगा, लगेच कळतो.

कळावे, लोभ असावा.

आपले,
जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीत काम करणारे काही अभियंते आणि गवंडी

ता. क. : हॉटेल किल्ल्यात आहे की खाली, हे संकेतस्थळावर नीट कळत नाही, 'फोर्ट' हा शब्द दोन्हींकडे असतो. 'फोर्ट व्ह्यू' लिहिलेलं असेल तर ते बहुधा खालचं. पत्त्यात कुंड पाडा, कोटडी पाडा किंवा चौगान पाडा आलं तर वरचं. तरी खात्री नसेल तर फोनवर एवढंच विचारा की गाडी दारापर्यंत येते का आणि दसरा चौक किती मिनिटांवर आहे. "दोन मिनिटं, चालतच या," असं उत्तर आलं की आभार मानून फोन ठेवा.